पहाटेची मोटारसायकल आणि बधिर बोटे

तुळशीचे लग्न लागले की आमच्या नाशिक जिल्ह्यात पहाटेचा गारठा खरा रंग दाखवू लागतो. निफाड तालुक्याचे तर विचारूच नका. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, ही बातमी दर हिवाळ्यात पहिल्या पानावर असते. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षबागायतदार अशा वेळी बागेत शेकोट्या पेटवून घडांची काळजी घेतात. मात्र त्याच पहाटे मोटारसायकलवर निघालेल्या माणसाच्या हातांची काळजी फारशी कोणी करीत नाही. दुधाच्या कॅन लावून डेअरीकडे निघालेला गवळी, हेच वर्तमानपत्र तुमच्या दारात टाकणारा मुलगा, एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणारा कामगार, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शाळेत सकाळच्या सत्राला पोहोचणारे मास्तर आणि बाई, ही सगळी मंडळी आमच्या दवाखान्यात एकच तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, गाडीवर बसलं की बोटं मरतात. काही दुखत नाही, पण आपलीच वाटत नाहीत."

ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. माझ्या मते ती किरकोळ नाही. याचे कारण थंडीपेक्षा ब्रेकशी अधिक निगडित आहे.

आधी थंडी हातालाच एवढी का झोंबते ते पाहू. चहा फार गरम असला तर आपण काय करतो? बशीत ओततो आणि फुंकर मारतो. बशीत चहा पसरतो, त्याचा उघडा भाग वाढतो आणि फुंकरीचा वारा त्यावरची गरम हवा उडवून लावतो. आपली बोटे म्हणजे अशीच बशीतल्या चहासारखी आहेत. आकाराने बारीक, चहूबाजूंनी उघडी, आत चरबी जवळजवळ नाही. स्नायूही नाहीत. बोटे हलवणारे स्नायू कोपराच्या खाली, दंडुक्यासारख्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. स्नायू काम करताना उष्णता तयार करतात. बोटांना ही भट्टी नाही, त्यांची सारी ऊब रक्तातून येते. आणि फुंकर मारायला आहेच ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा. पाय निदान इंजिनाच्या आसऱ्याला असतात, छातीवर स्वेटर असतो. हात मात्र सगळ्यांत पुढे, वाऱ्याच्या तोंडी.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते याचे एक सूत्र अमेरिका व कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारले. त्याप्रमाणे हिशेब केला तर हवेत १० अंश सेल्सिअस असताना ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ६ अंश असल्यासारखे वाटते. हवेत ६ अंश आणि गाडीचा वेग ५० असेल तर जवळपास शून्य. याचा अर्थ हात शून्यापर्यंत गार होईल असा नाही. हवा ६ अंशांची असेल तर हात त्याखाली जाऊ शकत नाही. तो तिथवर फार लवकर पोहोचतो एवढेच. म्हणून आपल्याकडच्या थंडीत गाडी चालवून कोणाची बोटे हिमदंशाने झडणार नाहीत. ती भीती मनातून काढून टाका.

भीती आहे ती वेगळी. थंडी लागली की शरीर हिशेबी सावकारासारखे वागते. हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब टिकवायची म्हणून ते हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटांत येणारे रक्त एकदम कमी होते. बोटांच्या त्वचेचे तापमान एरवी तीस अंशांच्या आसपास असते. ते १५ अंशांच्या खाली गेले की बोटांची चपळाई कमी होते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शज्ञानच जाऊ लागते. हाताला लिव्हर लागला आहे की नाही, किती दाबला गेला, हे मेंदूला नीट कळत नाही. त्यात कोपराखालचे स्नायूही गारठलेले असले तर ते सावकाश आखडतात.

आता गणित करा. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. धुक्यातून उसाची ट्रॉली दिवा न लावता समोर आली आणि बोटांनी ब्रेक पकडायला अर्धा सेकंद उशीर केला, तर तेवढ्यात सात मीटर रस्ता संपलेला असतो. मोटारसायकलला मागचा ब्रेक पायाने तरी लागतो. आजकाल घरोघरी आलेल्या बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातातच असतात. बोटे बधिर झाली की त्या गाडीला थांबवणारे दुसरे काही नाही. या गाड्या चालवणाऱ्यांत आपल्या शिक्षिका, आशा सेविका आणि नर्स भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी हा मुद्दा जरा अधिक मनावर घ्यावा.

आणखी एक गंमत शरीरशास्त्राची. बर्‍याच जणांनी अनुभवले असेल की दहा-पंधरा मिनिटे बोटे अगदी मेल्यासारखी होतात, मग एकदम ठणकून गरम होतात, पुन्हा गारठतात. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० मध्ये बोटे बर्फाच्या पाण्यात धरून याचा अभ्यास केला. आवळलेल्या रक्तवाहिन्या मधूनच थोडा वेळ उघडतात आणि बोटांना रक्ताचा हप्ता मिळतो. पण ही मेहेरबानी शरीर तेव्हाच करते, जेव्हा छाती-पोट उबदार असते. अंग काकडलेले असेल तर हप्ता बंद.

म्हणूनच हात गरम ठेवायचे तर सुरुवात छातीपासून करावी लागते. पुष्कळ लोक दोन-दोन हातमोजे घालतात आणि अंगात एक पातळ शर्ट! हा व्यवहार उलटा आहे. स्वेटर जाडजूड असून भागत नाही, कारण लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो. स्वेटरवर वारा अडवणारे काहीतरी हवे. विंडचीटर असेल तर उत्तम. नसेल तर पावसाळ्यात घडी करून ठेवलेला रेनकोट काढा आणि स्वेटरवर चढवा. लोक हसतील, हसू द्या. तेही नसेल तर हे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याची चौपदरी घडी स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये छातीवर ठेवा. यात विनोद नाही. फ्रान्समधल्या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत घाट उतरताना सायकलपटू हेच करीत आले आहेत. कागद वारा अडवतो आणि पदरांत हवा धरून ठेवतो. गळ्याला मफलर, त्याची टोके आत खोचलेली, आणि डोक्याला हेल्मेट. हेल्मेटच्या आत पातळ कानटोपी बसते. मात्र ती इतकी जाड नको की हेल्मेटचा पट्टा लागणार नाही.

छातीनंतर मनगट. आपण डॉक्टर मंडळी नाडी पाहतो ती मनगटावरच, कारण तिथे रोहिणी अगदी त्वचेखाली असते. हाताकडे जाणारे सगळे रक्त या अरुंद वाटेने जाते. नेमके तिथेच बाही संपते आणि हातमोजा सुरू व्हायचा असतो, मधली तीन बोटे जागा वाऱ्याला मोकळी! घरात जुने लोकरीचे पायमोजे असतातच. त्यांचा पंजाकडचा भाग कापून टाका आणि उरलेली नळी मनगटावर चढवा. अर्धी बाहीखाली, अर्धी हातमोज्याखाली. फुकटचा उपाय आहे आणि महागड्या हातमोज्यांइतका गुणकारी आहे असे माझे मत आहे.

हातमोज्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडचे विणलेले मोजे मऊ असतात, घरात किंवा पायी फिरताना झकास. गाडीवर एकटे निरुपयोगी. वर सांगितले तसे त्यातून वारा जातो, आणि हँडलची मूठ घसरते ती वेगळीच. त्यांच्यावर चामड्याचा किंवा रेक्झिनचा दुसरा मोजा हवा. वरचा मोजा एक नंबर मोठा घ्या. घट्ट मोजा बोटांतल्या उरल्यासुरल्या रक्ताचीही कोंडी करतो आणि आत हवेचा थर राहत नाही. ऊब लोकर देत नाही. लोकरीत अडकलेली हवा ती टिकवते. मोजा दाबून बसला की हवा गेली आणि ऊबही गेली.

चामड्याचे परवडत नसतील तर भांडी धुण्याचे जाड रबरी हातमोजे मोठ्या मापाचे घेऊन लोकरीच्या मोज्यांवर चढवावेत. वारा अडतो, मूठही घट्ट धरली जाते. अर्ध्या तासाच्या अंतरासाठी हे चालते. पुढे आत घाम साचतो आणि ओला मोजा हा कोरड्या मोज्याचा वैरी आहे, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. दवाने किंवा घामाने भिजलेले मोजे दिवसभर डिकीत कोंबून ठेवू नका. उन्हात उलटे करून वाळवा. काही जण हाताला प्लास्टिकची पिशवी बांधतात. पिशवी वापरायचीच तर ती आतल्या आणि वरच्या मोज्याच्या मध्ये असावी. सगळ्यात वर प्लास्टिक म्हणजे मूठ सुटण्याची हमी.

नवीन मोजे घालून थेट हमरस्त्याला लागू नका. आधी गाडी स्टँडवर असताना क्लच, ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, दिव्याचे बटण, सगळे मोज्यांसह चालवून पाहा. अंगठ्याला बटण सापडत नसेल तर तो मोजा कितीही उबदार असो, तुमच्या गाडीचा नाही.

उत्तरेकडे हँडललाच कापडी किंवा रेक्झिनचे खोळीसारखे आवरण बांधतात आणि हात त्यात घालून गाडी चालवतात. ही युक्ती चांगली आहे, वारा पूर्ण अडतो. मात्र ते आवरण शिवलेले आणि पक्के बांधलेले हवे. घरी बांधलेले सैल पोते एक्सिलरेटरच्या मुठीत अडकले तर मूठ परत फिरत नाही. शिवाय हात झटकन बाहेर काढता आला पाहिजे. मुठीतच गरम होणारी विजेची सोयही आता मिळते. ज्यांना रोज लांब जायचे आहे आणि परवडते त्यांनी ती माहीतगार मेकॅनिककडून बसवून घ्यावी, बॅटरीवर किती भार पडेल ते विचारून.

आता तेलाबद्दल. पहाटे निघताना तळहातांना राईचे किंवा तिळाचे तेल चोळणारे बरेच आहेत. चोळण्याने दोन मिनिटे बरे वाटते. तेलात ऊब नसते, आणि तेलकट हाताने मूठ घसरते. कातडी फुटत असेल तर तेल किंवा व्हॅसलिन रात्री झोपताना लावा. पेट्रोल भरताना ते हातावर सांडू देऊ नका. ते उडून जाताना हात बर्फासारखा गार करते.

वाटेत बोटे बधिर झाली तर गाडी थांबवा. पोहोचायला उशीर होईल, होऊ द्या. हात खांद्यापासून चक्रासारखे दहा-पंधरा वेळा जोरात फिरवा, म्हणजे रक्त टोकापर्यंत फेकले जाते. नंतर हात काखेत धरा. दोन्हीने भागते. गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरणे हाही उपचार आहे. इंजिनाला किंवा सायलेन्सरला हात लावणे हा मात्र नाही. गारठलेल्या बोटांना भाजल्याचेही कळत नाही. शेकोटीवर हात फार जवळ धरून टरारून फोड आलेले रुग्ण मी दर हिवाळ्यात पाहतो. त्यांत मधुमेही अधिक. मधुमेहात नसांचे नुकसान बहुधा पायांपासून सुरू होते, पुढे हातांतही येते. अशा माणसाला गारठा आणि मधुमेह असा दुहेरी बधिरपणा असतो. त्याची जखम भरायलाही आठवडेच्या आठवडे जातात. घरी आल्यावर कोमट पाण्यात हात बुडवा, पण पाणी आधी दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या, किंवा कोपर बुडवून पाहा.

थांबल्यावर टपरीवर विडी पेटवणाऱ्यांना सांगायचे आहे की तुम्ही स्वतःच्या हाताने नळ बंद करता आहात. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. थंडीने आधीच आवळलेल्या, त्यात ही भर. तंबाखू आणि मशेरीलाही हेच लागू. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत बर्गरचा रोग म्हणून एक व्याधी होते. १९०८ मध्ये लिओ बर्गर यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, बोटांच्या टोकांना असह्य ठणका लागतो, जखमा भरत नाहीत, बोट काळे पडते आणि शेवटी कापावे लागते. तंबाखू पूर्ण सोडली तर रोग बहुधा तिथेच थांबतो. दिवसाला एक विडी ठेवली तरी थांबत नाही. पहाटेच्या थंडीवर घोटभर दारू हा उपाय सांगणारेही भेटतात. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून गरम वाटते; प्रत्यक्षात शरीराची ऊब बाहेर निघून जाते. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल वेगळे लिहायला नको.

आता ज्यांना दवाखान्यात यायलाच हवे त्यांच्याविषयी. एका शिक्षिकेची हकिगत सांगतो. स्कूटरवरून शाळेत पोहोचल्यावर तिची दोन-तीन बोटे खडूसारखी पांढरीफेक पडत, पांढरे आणि नेहमीचे यांत जणू रेघ मारलेली. मग ती निळसर होत आणि अर्ध्या तासाने लाल होऊन ठणकत. घरात कुजबुज सुरू झाली की हे कोड आहे. लग्न ठरत होते, त्यामुळे आई रडकुंडीला आलेली. कोडाचा पांढरा डाग येतो-जातो का? तो तर राहतो. हा होता रेनॉचा विकार. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. थंडीला रक्तवाहिन्या वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, एवढाच अर्थ. तरुण स्त्रियांत तो अधिक दिसतो आणि बहुसंख्य जणींत निरुपद्रवी असतो. संसर्गजन्य नाही, लग्नाला अडसर तर मुळीच नाही. हात आणि अंग उबदार ठेवणे हाच मुख्य उपचार. त्रास फार असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी डॉक्टर देतात. त्या मुलीला चामड्याचे मोजे, मनगटावर लोकरीची नळी आणि आईची समजूत, एवढ्यावर भागले.

मात्र हाच प्रकार तिशी-चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला, एकाच हाताला होत असेल, बोटांच्या टोकांना जखमा होत असतील, हातांची कातडी ताणल्यासारखी घट्ट होत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर तपासण्या करून घ्याव्या लागतात. त्यामागे संधिवाताच्या जातीचा आजार असू शकतो. ब्रेकर, ड्रिल किंवा ग्राइंडर चालवणाऱ्यांच्या हातांनाही सततच्या थरथरीने असा पांढरेपणा येतो. त्यांनी आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे, आपण होऊन विचारेलच असे नाही.

रक्तदाबासाठी, अर्धशिशीसाठी किंवा छातीतल्या धडधडीसाठी घेतलेल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, हात गार पाडतात. हात गार पडतात म्हणून गोळी मनाने बंद करू नका. ती एकदम थांबवणे हृदयाला धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगा, बदलता येते का ते ते पाहतील.

बधिरपणा फक्त थंडीत गाडीवर येतो की एरवीही, याकडे लक्ष द्या. रात्री झोपेत अंगठा व त्याजवळच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकला की बरे वाटत असेल, तर मनगटात नस दबलेली असण्याचा संभव मोठा. मूठ आवळून तासन्‌तास गाडी चालवण्याने ती वाढते. हातांबरोबर पायांनाही बारमाही मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासावे. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींत हे जीवनसत्त्व पुष्कळदा कमी आढळते. त्याला हातमोजा काय करणार? आणि एका बाजूचा हात अचानक बधिर होऊन शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर त्याला गारठा समजून शेकत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

आपल्याकडची बरीच तरुण मुले बुलेट घेऊन लडाखला जातात. वर सांगितलेला दिलासा त्यांच्यासाठी नाही. शून्याखालच्या हवेत हिमदंश होतो. बोट पांढरे, कडक, मेणासारखे झाले आणि दुखायचे थांबले तर ते चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तोवर गरमही करू नये. लष्कराची वैद्यकीय मदत जवळ असेल तिथे जावे.

राहता राहिली लहान मुले. स्कूटरवर पुढे उभे केलेले किंवा टाकीवर बसवलेले मूल सगळा वारा आपल्या अंगावर घेते आणि मागचा मोठा माणूस त्याच्या आडोशाला उबदार बसतो. त्याचे इवले हात उघडे, आरसा किंवा हँडल घट्ट धरलेले. मूल रडले तर लोक म्हणतात झोप झाली नाही. मुलांना मागे बसवा. चार वर्षांखालच्या मुलासाठी तर २०२२ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० पर्यंतचा वेग असे बंधन आहेच. हातमोजे घालताना त्याला बोटे वेगळी नसलेले, नुसता अंगठा वेगळा असलेले मोजे घ्यावेत. चार बोटे एकमेकांना बिलगून राहिली की एकमेकांना ऊब देतात. शाळेच्या दारात उतरल्यावर त्याचा हात आपल्या हातात घेऊन पाहा. गार लागला तर वर्गात पाठवण्याआधी दोन मिनिटे तसाच धरून ठेवा.